चाळीस किलोची तलवार

गेल्या शिवजयंतीला आमच्या पेठेतल्या मंडळाने शाळेच्या हॉलमध्ये जुन्या शस्त्रांचं प्रदर्शन भरवलं होतं. शस्त्रं ज्यांची होती ते गृहस्थ मोठ्या मनाचे. टेबलावरच्या दोन-तीन तलवारी लोकांनी हातात घेऊन बघायला त्यांची ना नव्हती. रांगेत माझ्यापुढे दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा होता. पाळी आल्यावर त्याने पाय फाकवून ठाण मांडलं, दोन्ही हातांनी मूठ धरली, श्वास कोंडला आणि सगळा जोर लावून तलवार उचलली. ती इतकी सहज वर आली की पोराचा तोल गेला आणि तो मागे वडिलांवर आदळला.

"बाबा, ही खोटी आहे," तो कुरकुरला.

"अरे, ही साध्या शिपायाची असेल. सरदारांच्या तलवारी चाळीस-चाळीस किलोच्या असायच्या," वडिलांनी समजूत घातली. मागून कोणीतरी साठ म्हणालं. आणखी मागून एक आवाज ऐंशीवर गेला. रांगेतच लिलाव लागला म्हणा ना.

त्या गृहस्थांनी काही न बोलता टेबलाखालून भाजीवाल्याकडे असतो तसला ताणकाटा काढला आणि तलवार आकड्याला टांगली. म्यानाशिवाय एक किलो एकशे ऐंशी ग्रॅम. ही नक्कल नव्हती, अस्सल जुनी लढाईची तलवार होती. मुलाचा चेहरा पडला. खरं सांगायचं तर वडिलांचाही पडला.

त्या पडलेल्या चेहऱ्यांनी मला लिहायला बसवलं. तलवार हलकी निघाली की आपल्याला कुणीतरी फसवल्यासारखं का वाटतं? आणि लढाईची तलवार जास्तीत जास्त किती जड असू शकते? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला इतिहासाची पोथी उघडावी लागत नाही. सातवीचं गणित पुरतं.

आधी हिशेब मांडू

पोलादाच्या एका घन सेंटिमीटरचं वजन पावणेआठ ग्रॅमच्या थोडं वर भरतं. समजा, तलवारीचं पातं ९० सेंटिमीटर लांब आहे, रुंदी सरासरी साडेतीन सेंटिमीटर आणि जाडी सरासरी तीन मिलिमीटर. गुणाकार करून पाहा, वजन येतं पाऊण किलोच्या आसपास. मुठीचे तीन-चारशे ग्रॅम त्यात मिळवा. म्हणजे प्रदर्शनातल्या ताणकाट्यावर आला तोच आकडा.

आता उलट्या बाजूने येऊ. लांबी तीच ठेवायची, रुंदी हवी तर चार सेंटिमीटर करा, आणि वजन मात्र ४० किलो हवं. मग जाडी किती लागेल? चौदा सेंटिमीटर. रुंदीच्या साडेतीन पट जाडी! याला तलवार म्हणत नाहीत, तुळई म्हणतात. आपल्या रेल्वेमार्गांवर पूर्वी '९० पौंडी' रूळ सर्रास असायचे. त्या नावाचा अर्थ असा, की एक यार्ड लांबीच्या रुळाचं वजन ९० पौंड, म्हणजे जवळजवळ ४१ किलो. यार्ड म्हणजे ९१ सेंटिमीटर, जवळपास तलवारीएवढीच लांबी. तेव्हा चाळीस किलोची तलवार कशी दिसेल असं कुणी विचारलं, तर त्याला रेल्वेच्या रुळाचा यार्डभर तुकडा दाखवायचा आणि म्हणायचं, घे, फिरव.

एक लिटरची बाटली

"अहो, पण तेव्हाची माणसंही तशीच ताकदवान होती," हे यावरचं ठरलेलं उत्तर. होती ना. प्रश्न उचलण्याचा असता तर मीही वाद घातला नसता. सिमेंटचं ५० किलोचं पोतं आजचा हमालही पाठीवर घेतो. पण त्या पोत्याने तो कुणाशी लढत नाही.

घरी एक प्रयोग करून पाहा. पाण्याची एक लिटरची भरलेली बाटली घ्या. वजन किलोच्या जरासं वर, म्हणजे साधारण तलवारीइतकंच. हात खांद्याच्या रेषेत ताठ करा आणि बाटली दोन मिनिटं तशीच धरा. पहिल्या अर्ध्या मिनिटात काही वाटत नाही. दीड मिनिटाला खांदा भरून येतो. आणि इथे तर बाटली नुसती धरलेली आहे. तलवार फिरवायची असते, वार चुकला तर मधेच थांबवायची असते, आणि समोरच्याचा वार यायच्या आत परत आणायची असते. हे घोड्यावर बसून, दुसऱ्या हातात लगाम किंवा ढाल धरून, तासन्‌तास.

यातला मुख्य मुद्दा थांबवण्याचा आहे. जड वस्तूला वेग द्यायला जेवढा जोर लागतो, तेवढाच तो वेग मोडायला लागतो. पहारीचा घाव चुकला तर पहार आपल्यालाच ओढून पुढे नेते. खोदकामात ते चालतं, कारण जमीन उलटा वार करत नाही.

शिवाय घावाची ताकद वजनापेक्षा वेगावर जास्त अवलंबून असते. फिरत्या वस्तूत साठलेली ऊर्जा मोजली तर वजन दुप्पट केल्यावर ती दुप्पट होते, पण वेग दुप्पट केल्यावर चौपट होते. आपला हातच मुळी तीन किलोंचा. त्याला आणखी किलोभर पोलाद जोडलं तर हात वेगाने फिरतो. चाळीस किलो जोडलं तर फिरतच नाही. फलंदाजाला विचारा. क्रिकेटची बॅट सव्वा किलोच्या आसपास असते, आणि तीत शंभर ग्रॅम वाढले तरी त्याच्या लगेच लक्षात येतं.

नुसतं वजनही पुरेसं सांगत नाही; ते कुठे आहे हे त्याहून महत्त्वाचं. केरसुणी मुठीकडून धरून फिरवा, मग उलटी करून झाडण्याच्या बाजूने धरून फिरवा. वजन तेच, पण दुसऱ्या खेपेला ती हातात निम्म्याने हलकी वाटते, कारण भार मनगटाजवळ आला. तलवार घडवणारे हेच साधत. पातं मुठीपाशी जाड आणि टोकाकडे पातळ होत जातं. मूठ लोखंडाची करून तिथे मुद्दाम वजन ठेवलेलं असतं. पातं बोटावर तोलून पाहिलं तर तोल मुठीपासून काही बोटांवर सापडतो. जुन्या कारागिराचं कसब तलवार जड करण्यात नव्हतंच. कुठून किती पोलाद काढून टाकता येईल आणि तरी ती मोडणार नाही, हा त्याचा खरा खेळ होता.

---
चौकट : तराजूवर काय येतं? (आकडे साधारण, म्यानाशिवाय)

भारतीय वाकडी तलवार : १ ते १.३ किलो
जपानी कताना : १ ते १.३ किलो
युरोपातली एका हाताची तलवार : १ ते १.५ किलो
युरोपातली दोन हातांची मोठी तलवार : २ ते ३.५ किलो
क्रिकेटची बॅट : १.१ ते १.३ किलो
घरगुती गॅसचा भरलेला सिलिंडर : सुमारे ३० किलो
जेजुरीचा खंडा : सुमारे ४२ किलो (याच्याकडे पुढे येतोच)
---

विळीला विचारा

तलवार वाकडी का? शोभेसाठी, असं बऱ्याच जणांना वाटतं. स्वयंपाकघरात याचं उत्तर रोज मिळतं.

पिकलेला टोमॅटो विळीच्या पात्यावर सरळ दाबून बघा. साल फाटायच्या आधी तो चेंबतो आणि रस अंगावर येतो. तोच टोमॅटो पात्यावरून जरा सरकवला की अलगद उघडतो. धार कितीही तल्लख असली तरी सूक्ष्मदर्शकाखाली ती बारीक करवतीसारखी दिसते. सरकली की सालीला ओढून फाडते. म्हणून कापायला दाब आणि सरक दोन्ही लागतात, आणि सरक असेल तर दाब पुष्कळ कमी पुरतो. विळीचं पातं वाकडं आहे ते याच कारणाने: आपण फळ पुढे ढकलतो आणि त्या बाकामुळे ते आपोआप धारेवरून घसरत जातं.

तलवारीचा बाक हेच करतो. सरळ पात्याने वार करताना ओढ मुद्दाम द्यावी लागते. वाकड्या पात्यात हात गोल फिरला की धार लागल्या जागेवरून आपसूक सरकत जाते. धावत्या घोड्यावरच्या स्वाराला याचा फायदा सगळ्यांत जास्त, कारण ओढ द्यायचं काम निम्मं घोडाच करतो.

याच्याच शेजारी आणखी एक गैरसमज राहतो. आपल्याकडच्या तलवारीची मूठ फार आखूड असते. जेमतेम चार बोटं बसतात. त्यावरून परदेशी लोकांनी, आणि त्यांचं वाचून आपल्यातल्याही काहींनी, तेव्हाच्या हिंदी माणसांचे हात लहान होते असा शोध लावला. म्हणजे एकीकडे हा माणूस चाळीस किलो फिरवणार आणि दुसरीकडे त्याचा पंजा पोराएवढा! मूठ आखूड आहे ती हात घट्ट अडकावा म्हणून. मुठीच्या मागच्या टोकाला एक तबकडी असते. काठी हाणल्यासारखा मनगट लांबवून वार करायला गेलात तर ती तबकडी मनगटात रुतते. मनगट आवळून ठेवा, कोपर आणि खांद्यातून हात ओढत आणा, मग ती कुठेही टोचत नाही. शिकवणाऱ्या उस्तादाचं निम्मं काम मूठच करते. अशी मूठ काठी धरल्यासारखी धरून जो तिला गैरसोयीची ठरवतो, त्याने तिचा धडाच वाचलेला नसतो.

दांडपट्ट्यात हीच कल्पना पार टोकाला नेलेली आहे. पट्टा महाराष्ट्राचं राज्यशस्त्र म्हणून २०२४ साली जाहीर झाला, त्यामुळे आता तो भाषणांतही असतो. पण तो चालतो कसा हे फारसं कुणी सांगत नाही. पट्ट्याला साधी मूठ नसते. हात कोपरापर्यंत लोखंडी खोबळ्यात जातो आणि आत आडवी दांडी धरलेली असते. मनगट पूर्ण बंद. हाताचा खालचा भाग आणि लांब सरळ पातं मिळून एकच दांडा तयार होतो, आणि तो कोपरापासून फिरतो. दांडा जितका लांब तितकं खांद्याच्या लहानशा हालचालीने टोक मोठं वर्तुळ कापतं, म्हणजेच टोकाचा वेग वाढतो. कोल्हापूरकडच्या मर्दानी खेळात पट्टेकरी गरगर फिरता फिरता जमिनीवरचं लिंबू अचूक कापतो, तो या वेगाचा आणि वर्षानुवर्षांच्या पदन्यासाचा परिणाम. पातं पातळ आणि लवचीक असल्याशिवाय हे शक्यच नाही. फिरणाऱ्याला थांबायचं नसतं. एका वाराचा वेग पुढच्या वारात घालायचा असतो. जड पट्टा दुसऱ्याच गिरकीला खांदा उतरवील.

'रक्ताची खाच'

पुष्कळ पात्यांवर मुठीपासून टोकाच्या दिशेने एक उथळ खाच गेलेली असते. प्रदर्शनात हमखास ऐकू येणारं वाक्य: "इथून रक्त वाहून जातं." कधी त्याच खाचेत विष भरतात. कधी असं सांगतात, की खाच नसेल तर पातं शरीरात हवेच्या दाबाने अडकून बसतं.

हे तिन्ही खोटं. उत्तर पुन्हा त्या रुळातच आहे. रुळाचं डोकं जाड, पाया रुंद आणि मधली भिंत बारीक असते. सबंध ठोकळा ओतला असता तर लोखंड कितीतरी जास्त लागलं असतं आणि मजबुती त्या मानाने फारशी वाढली नसती. वाकण्याचा ताण सगळ्यांत जास्त बाहेरच्या थरांवर येतो, मधल्या भागावर कमी. मग मधलं पोलाद कशाला वागवायचं? तलवारीतली खाच म्हणजे ते काढून टाकलेलं किंवा ठोकून बाजूला सारलेलं पोलाद. ताठपणा थोडा घटतो, वजन बरंच घटतं, सौदा फायद्याचा. घरातला पत्रा घ्या: सपाट पत्रा लोंबतो, पन्हाळी पत्रा छपराला चालतो. आकारात ताकद असते हे लोहाराला पुस्तक न वाचता ठाऊक होतं.

पाणीदार

हलकं केलेलं पातं मोडू नये म्हणून दुसरी करामत आतून करावी लागते. तिचं नाव आपल्या भाषेत जागोजागी सांडलेलं आहे. 'पाणीदार' माणूस, 'पाणी जोखणं', 'पाणी दाखवणं' या सगळ्यांत लोहाराच्या दगडी कुंडीतलं पाणी मिसळलेलं आहे असं मला तरी वाटतं. (मोत्याचंही पाणी असतं, हे मान्य. सराफांनी रागावू नये.) गावाकडे आजही विळा, कोयता लोहाराकडे नेऊन 'पाणी देऊन' आणतात.

त्यात होतं काय? पोलाद म्हणजे लोखंडात मिसळलेला थोडासा कार्बन, बहुतेकदा शंभरात एकाहूनही कमी. लालभडक तापवल्यावर लोखंडाच्या अणूंची मांडणी बदलते आणि कार्बनला त्यांच्यात आरामात जागा मिळते. ते सावकाश निवलं तर लोखंड पुन्हा जुन्या मांडणीवर येतं आणि कार्बन हळूहळू बाहेर सरकतो. पण लाल पातं एकदम पाण्यात बुडवलं तर कार्बनला निघायला वेळच मिळत नाही. गर्दीच्या लोकलमध्ये दारात पोचायच्या आत गाडी सुटावी आणि माणूस आत चेंगरून राहावा, तसा तो अडकतो. त्या चेंगराचेंगरीने अणूंचे थर एकमेकांवरून सरकू शकत नाहीत, म्हणून पातं कमालीचं कठीण होतं. पण काचेसारखं ठिसूळही होतं.

म्हणून दुसरी पायरी. तेच पातं पुन्हा मंद आचेवर धरायचं. पृष्ठभागावर रंग चढत जातात: आधी गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा, निळा. दोनशे ते तीनशे अंशांच्या टापूतला हा रंगपट म्हणजे लोहाराचा तापमापक. थोडा कार्बन सुटतो, ताण उतरतो, कठीणपणा किंचित घटतो आणि लवचीकपणा येतो. कुठल्या रंगाला थांबायचं यात पिढ्यांचा अनुभव. लवकर थांबला तर तलवार मोडते, उशिरा थांबला तर वाकते.

फिरंग

इथे अभिमानाला जरा खटकणारी एक गोष्ट सांगायला हवी. मराठ्यांच्या कितीतरी नामांकित तलवारींची पाती युरोपात घडलेली होती. समुद्रमार्गे येणारं लांब, सरळ, लवचीक पातं घ्यायचं आणि त्याला आपल्या पद्धतीची मूठ चढवायची, ही रीत इतकी रुळली की अशा तलवारीला नावच 'फिरंग' पडलं. नागपूरकर पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार राज्य सरकारने २०२५ साली लंडनच्या लिलावातून विकत घेऊन परत आणली. तिचं पातं युरोपीय घडणीचं, एका धारेचं, सरळ आहे. त्यावर देवनागरीत रघोजी भोसल्यांचं नाव आहे, 'सेनासाहेब सुभा' हा किताब आहे, आणि तलवारीचा प्रकारही न लाजता कोरला आहे: फिरंग.

त्या काळच्या माणसाला यात कमीपणा वाटत नव्हता. त्याला पात्याचा जन्मदाखला नको होता, वार हवा होता. आणि व्यापार एकतर्फी नव्हताच. तिकडून पाती येत होती तेव्हा इकडून जगातलं नावाजलेलं पोलाद पश्चिमेकडे जात होतं.

उक्कू आणि नॅनोनळ्या

आजच्या तेलंगण, कर्नाटक, तमिळनाडूच्या भागांत शुद्ध लोखंडाचे तुकडे आणि झाडाचं लाकूड-पाला मातीच्या मुशीत घालून, तोंड लिंपून, ती तासन्‌तास भट्टीत ठेवत. आतलं लोखंड कार्बन पिऊन वितळे आणि सावकाश थिजून पोलादाची वडी तयार होई. कानडी-तेलुगूत त्याला उक्कू म्हणतात. विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्याच्या वसाहतीचं नाव उक्कुनगरम आहे ते यावरूनच. सतराव्या शतकात गोवळकोंड्याच्या मुलखातून या वड्या मोठ्या संख्येने इराणकडे जात. त्यापासून घडवलेल्या पात्यांवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी उमटे. 'दमास्कसची तलवार' म्हणून जगाने जिचं कौतुक केलं ती हीच. या पोलादाचं कोडं मायकेल फॅरेडेसारख्या शास्त्रज्ञानेही १८२० च्या सुमारास सोडवायला घेतलं होतं.

२००६ साली जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या संशोधकांनी 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत लिहिलं, की सतराव्या शतकातल्या अशा एका पात्याचा नमुना आम्लात विरघळवून पाहिल्यावर त्यांना कार्बनच्या नॅनोनळ्या दिसल्या. नॅनोनळी म्हणजे कार्बनच्या अणूंचं जाळं गुंडाळून झालेली पोकळ नळी, केसाहून हजारो पटींनी बारीक. बातमी आली आणि आपल्याकडे फिरायला लागलं ते भलतंच: आपल्या पूर्वजांना नॅनो तंत्रज्ञान येत होतं.

माझी आजी उत्तम दही लावायची. दूध किती कोमट हवं हे करंगळी बुडवून ओळखायची, थंडीत भांडं पिठाच्या डब्यात ठेवायची, आणि विरजण कुणाच्या घरचं चांगलं याची तिला पक्की माहिती होती. तिला जिवाणू माहीत नव्हते. तिला सूक्ष्मजीवशास्त्र येत होतं असं म्हटलं तर विनोद होईल. तिला दही येत होतं हे म्हटलं की तिचा खरा मान राहतो. मूस लावणाऱ्या कारागिराचंही तेच. नळ्या त्याच्या नकळत झाल्या, नक्षी मात्र त्याने डोळे उघडे ठेवून कमावली.

नकळत होण्याची किंमतही असते. १९९० च्या दशकात अमेरिकी धातुशास्त्रज्ञ व्हरहोवेन आणि लोहार पेंड्रे यांनी असं पोलाद पुन्हा घडवून दाखवलं. त्यांच्या कामातून दिसलं, की ती नक्षी उमटायला लोखंडात व्हॅनेडियमसारख्या धातूचा अगदी नखभर अंश लागतो. तो विशिष्ट खाणींच्या दगडात आपसूक होता. दगड बदलला की कृती तीच करूनही नक्षी येणार नाही, आणि का येत नाही हे करणाऱ्याला कळणार नाही. आजीचं विरजण बिघडल्यावर तिने दृष्ट काढली होती, ते मला इथे आठवतं.

मग जुनं पोलाद आजच्यापेक्षा सरस होतं का? नाही. ट्रकच्या टाकून दिलेल्या स्प्रिंगच्या पाट्यापासून गावचा लोहार कोयता घडवतो. त्या पाट्याचं पोलाद कार्बनच्या बाबतीत या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखं असतं, आणि असा एकसारखेपणा मिळवायला जुन्या कारागिराने आयुष्य पणाला लावलं असतं. जपानी तलवारीचं उदाहरण घ्या. तिचं पोलाद 'हजार वेळा दुमडलेलं' असतं म्हणे. प्रत्यक्षात दहा-पंधरा वेळा, आणि तेही मळ बाहेर काढून कार्बन सारखा पसरावा म्हणून. चिरोट्याची पोळी दुमडतो तसं दर घडीला थर दुप्पट होतात: दहा घड्यांना १,०२४, पंधरा घड्यांना ३२,७६८. हजार घड्या घातल्या तर थरांची संख्या ३०२ आकडी होईल. तेवढे अणू अख्ख्या विश्वात नाहीत, तलवारीत कुठून असणार? जपानी लोहार दुमडत होता कारण त्याच्याकडे लोखंडी वाळूपासून केलेलं ओबडधोबड पोलाद होतं. त्या मालातून त्याने जे काढलं ते थक्क करणारं आहे. ट्रकचा पाटा मिळाला असता तर त्याने आनंदाने तोच वापरला असता.

मग चाळीस किलो आले कुठून?

आता उरला रांगेतला लिलाव. हा आकडा हवेतून आलेला नाही, आणि मला या सगळ्यात सर्वांत आवडलेली गोष्ट हीच आहे. चाळीस किलोचं खड्ग महाराष्ट्रात खरोखर आहे.

जेजुरीच्या गडावर खंडोबाचा खंडा आहे. पेशवाईतल्या पानसे सरदारांनी तो देवाला वाहिलेला. वजन सुमारे ४२ किलो. दसऱ्याच्या उत्सवात तो उचलण्याची स्पर्धा लागते. हात ताठ करून तो जास्तीत जास्त वेळ तोलून धरणारे, त्याच्या कसरती करणारे, दातांनी उचलणारे गडी तिथे बघायला मिळतात. बाटलीचा प्रयोग ज्यांनी केला असेल त्यांना कळेल की हे काय दिव्य आहे. पण त्या खंड्याने कुणी लढाई केली नाही आणि करायचीही नव्हती. तो देवासाठी आहे आणि देवापुढे ताकद दाखवण्यासाठी आहे. तालमीतला जड मुद्गल जसा खांदा घडवण्यापुरता, तसाच. युरोपातही मिरवणुकीत राजापुढे धरायच्या तलवारी लढाईच्या तलवारीपेक्षा कितीतरी जड असत. मिरवायचं शस्त्र आणि मारायचं शस्त्र यांत पूर्वीचे लोक घोळ करत नव्हते. घोळ आपण केला, कारण आपण दोन्ही काचेआडच पाहतो.

महाराणा प्रतापांच्या नावावर तर भाला ८१ किलोचा, चिलखत ७२ किलोचं, सगळं मिळून २०८ किलो, असा हिशेब मोबाइलवरून वर्षानुवर्षं फिरतो आहे. उदयपूरच्या सिटी पॅलेस संग्रहालयाने त्यांच्या निजी शस्त्रास्त्रांचं एकूण वजन ३५ किलो असल्याचं फलकावर लिहून ठेवलं आहे. तेही चिलखतासकट अंगावर घेऊन डोंगरात लढायचं म्हणजे चेष्टा नाही. दोनशे आठ म्हणणाऱ्याला वाटतं आपण मान वाढवला. पण २०८ किलो लादलेला माणूस घोड्यावर चढूच शकत नाही. प्रतापांना लढवय्ये म्हणून जे येत होतं, चपळाई, अंदाज, क्षणात वळणारं मनगट, ते सगळं या आकड्याखाली गाडलं जातं.

शस्त्रप्रदर्शनं भरवणाऱ्या मंडळांना एक विनंती आहे. तलवारीशेजारी कुणाची, कुठली, किती सालची हे लिहिताच. त्याखाली ग्रॅममधलं वजन आणि पात्याची लांबीही लिहा. जमलं तर टेबलावर एक ताणकाटा आणि एक लिटरची पाण्याची भरलेली बाटली ठेवा. बाकीचं पोरं आपसूक करून बघतील.